बाईकचा व्हायझर फुटला, आता नवा घ्यायचा की जुनाच रंगवायचा? विम्यातलं ५० टक्क्यांचं गणित आधी समजून घ्या

पावसाळ्यातली सकाळ. अंधेरी असो, घाटकोपर असो नाहीतर बोरिवली, स्टेशनबाहेर बाईक एकमेकींना खेटून उभ्या असतात. कुणीतरी आपली गाडी काढायला जातं, हँडल अडकतं, एक गाडी कलते आणि बघता बघता शेजारच्या चार आडव्या होतात.

संध्याकाळी मालक येतो. गाडी उचलतो, स्टार्ट मारतो. इंजिन ओके, ब्रेक ओके. फक्त हेडलाइटवरच्या रंगीत व्हायझरला तडा गेलेला असतो आणि टाकीच्या बाजूचं पॅनल हललेलं असतं.

गॅरेजमध्ये गेलं की दोन उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, "नवीनच टाका, हे काही टिकत नाही." दुसरा सांगतो, "ठेवून जा, जोडून रंग मारून देतो, कळणारपण नाही." दोन्ही बिलांमध्ये बराच फरक असतो आणि खरं कोण बोलतंय, ते काही कळत नाही.

गंमत अशी की, हा निर्णय दिसतो तितका साधा नाही. त्यात प्लॅस्टिकचा प्रकार येतो, विम्याचे नियम येतात, जीएसटी येतो आणि थेट युरोपातला एक कायदासुद्धा येतो. एकेक करून बघू.

हे प्लॅस्टिक नेमकं काय काम करतं?

कंपनीच्या भाषेत याला विंड डिफ्लेक्टर म्हणतात, म्हणजे वारा बाजूला वळवणारा भाग. मुंबईच्या गॅरेजमध्ये कुणी व्हायझर म्हणतं, कुणी फेअरिंग, तर कुणी नुसतं "पॅनल". हेडलाइटवर, टाकीच्या दोन्ही बाजूंना किंवा पायाच्या पुढे हे भाग बसवलेले असतात.

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ४० वरून ८० वर गेलात तर वेग दुप्पट होतो, पण वाऱ्याचा जोर चौपट होतो. हायवेवर हेच प्लॅस्टिक छातीवर येणारा वारा वळवतं आणि लांबच्या प्रवासात थकवा कमी करतं.

आता मुंबईत बघा. वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी महामार्गावरही तेच. म्हणजे जिथे वारा खरा लागतो, ते रस्तेच बाईकला बंद. अंधेरी ते बोरिवली किंवा मुलुंड ते घाटकोपर या ट्रॅफिकमध्ये वाऱ्यासाठी व्हायझर फारसा लागत नाही.

मग तुटका तसाच ठेवला तर? तर दुसऱ्या अडचणी सुरू होतात. बऱ्याच गाड्यांमध्ये हेडलाइट, इंडिकेटर, मीटर आणि वायरिंग याच प्लॅस्टिकच्या आधाराने बसलेलं असतं. एक लॉक तुटलं की खड्ड्यांमध्ये अख्खं तोंड खडखडायला लागतं, पाणी आत जातं आणि एका तड्याचे तीन तडे होतात. सुटलेलं पॅनल हँडल वळवताना अडकलं, तर थेट जिवावर बेततं.

पत्र्याच्या गाड्या प्लॅस्टिकच्या कधी झाल्या?

राजदूत, येझदी, बुलेट किंवा बजाज चेतक आठवा. गाडी पडली की पत्रा चेमटायचा. डेंटर तो ठोकून सरळ करायचा, वरून पुट्टी आणि रंग. पत्रा वाकतो, म्हणून तो परत सरळ होतो.

२००१ मध्ये बजाजची पल्सर आली. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली, २२३ सीसीची आणि पुढून अर्धं अंग झाकणारं फेअरिंग असलेली. मग पल्सर २२० एफ आली. कॉलेजच्या पोरांच्या वॉलपेपरवर असलेल्या या गाड्यांचा रुबाबच मुळी त्या फेअरिंगमध्ये होता. आता तर साध्या १२५ सीसीच्या गाडीलाही टाकीच्या बाजूला रंगीत पंख असतात.

प्लॅस्टिक हलकं असतं, गंजत नाही आणि हव्या त्या आकारात ओतता येतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत न गंजणं हा मोठाच फायदा. पण पत्रा वाकतो आणि प्लॅस्टिक तडकतं. त्यामुळे दुरुस्तीची सगळी पद्धतच बदलली. अडचण अशी की, बऱ्याच ठिकाणी ही नवी पद्धत पोहोचलीच नाही. म्हणून "प्लॅस्टिक आहे, काही होणार नाही" हे वाक्य इतकं सहज ऐकू येतं.

तुमचं प्लॅस्टिक कोणतं आहे?

पॅनल काढून उलटं करा. आतल्या बाजूला बारीक अक्षरात इंग्रजी खूण कोरलेली असते. साधारण तीन प्रकार सापडतात.

पहिलं एबीएस. बहुतेक रंगवलेले व्हायझर आणि पॅनल याचेच असतात. हे जोडायला सगळ्यात सोपं. ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळतं, त्यामुळे भंगारातल्या एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये भिजवून लापशी केली आणि तड्यात भरली की दोन्ही कडा एकजीव होतात. गोंदाने नुसतं चिकटवणं वेगळं आणि हे वेगळं. फक्त ॲसिटोन झटकन पेट घेतं, त्यामुळे जवळ सिगारेट, गॅस, ठिणगी काहीच नको.

दुसरं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. न रंगवलेले काळे भाग बऱ्याचदा याचे असतात. यावर ॲसिटोनचा परिणाम होत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. हे गरम हवेच्या गनने, पीपीचीच कांडी वितळवून जोडावं लागतं. रंग द्यायचा तर आधी खास प्रायमर लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

तिसरं पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट. पारदर्शक किंवा धुरकट काचेसारखे व्हायझर अनेकदा याचे असतात. ओरखडे पॉलिशने कमी होतात, पण थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल लागलं तर यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडतात. अशा रेषा पडलेला पारदर्शक व्हायझर बदलणंच बरं, कारण रात्री समोरच्या गाडीचा लाइट त्यात फुटतो.

खूण सापडत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. रंग नसलेला छोटा तुकडा पाण्यात टाका. पीपी पाण्यापेक्षा हलकं असतं, ते तरंगतं. एबीएस आणि पीसी बुडतात.

कुणी झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकून "झालं" म्हणत असेल तर थांबा. हा गोंद सुकला की ठिसूळ होतो आणि इंजिनच्या कंपनात पुन्हा सुटतो. नीट काम करणारा कारागीर तडा जिथे संपतो तिथे आधी बारीक भोक पाडतो, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग मागच्या बाजूने जाळी किंवा गरम स्टेपल बसवून आधार देतो. पुट्टी आणि रंग त्यानंतर येतात.

रंगाचं काम पावसाळ्यात का फसतं?

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. रंगातलं थिनर भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर हवेतला ओलावा बसतो. मग चकचकीत काळ्या पॅनलवर पांढुरका धूसर थर येतो. गिऱ्हाईक म्हणतं रंग हलका वापरला, रंगारी म्हणतो हवाच खराब आहे. अशा वेळी बऱ्याचदा रंगाऱ्याचं बरोबर असतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. पत्र्याचा भाग कारखान्यात १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजता येतो. एबीएस साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे प्लॅस्टिकवरचा रंग कमी उष्णतेवर पक्का करावा लागतो. घाई करून हॅलोजनखाली जवळ धरलं की पॅनल वाकतं आणि मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत.

तिसरी गोष्ट रंग जुळण्याची. उन्हात पाच वर्षं उभ्या असलेल्या गाडीची टाकी फिकी झालेली असते. कंपनीतून आणलेलं नवंकोरं लाल पॅनल तिच्या शेजारी बसवलं की गाडी दोन रंगांची दिसते. म्हणजे नवा भाग घेतला तरी रंग जुळेलच असं नाही. उलट चांगला रंगारी शेजारचा फिका रंग बघून मिश्रण करतो.

टिकाऊपणासाठी हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा लॅकर चांगला, कारण त्यावर पेट्रोल सांडलं तरी तो सहसा मऊ पडत नाही. पण इथे एक गोष्ट कुणी बोलत नाही. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांचे फवारे सतत श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. रस्त्याकडेच्या गाळ्यात तोंडाला रुमाल बांधून स्प्रे मारणारा पोरगा हेच रोज ओढत असतो. कापडी रुमालाने किंवा साध्या सर्जिकल मास्कने ही वाफ अडत नाही. त्यासाठी रंगकामाचा फिल्टरवाला मास्क आणि मोकळी हवा लागते. स्वस्तातल्या रंगकामाची किंमत बऱ्याचदा अशी दुसराच कुणीतरी मोजत असतो.

आता विम्याचं गणित

"विमा आहे ना, क्लेम टाक," हा मित्रांचा ठरलेला सल्ला. पण आधी पॉलिसी उघडून बघा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीच्या पॅनलसाठी एक रुपयाही मिळत नाही.

सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर घसाऱ्याचा नियम लागतो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते आणि पहिल्या सहा महिन्यांत ती शून्य असते. पण प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर पहिल्या दिवसापासून ५० टक्के कपात. शोरूममधून गाडी काल आणली असेल तरीही. झीरो डेप्रिसिएशनचं ॲड-ऑन घेतलं असेल तरच यातून सुटका.

समजा, नव्या पॅनलचे ५,००० रुपये आणि मजुरी ८०० रुपये, असं एकूण ५,८०० रुपयांचं बिल झालं. पॅनलचे निम्मे २,५०० आणि मजुरीचे पूर्ण ८०० मान्य होतील. त्यातून दुचाकीसाठीची १०० रुपयांची सक्तीची वजावट गेली की हातात ३,२०० रुपये. खिशातून गेले २,६००.

इतकंच असतं तर ठीक होतं. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. समजा, तुम्ही ५० टक्क्यांवर होता. क्लेमनंतरच्या नूतनीकरणात पूर्ण ५० टक्के गेले. पुढच्या वर्षी २० मिळाले, म्हणजे ३० टक्के गेले. मग २५, १५ आणि ५ टक्के. सगळं मिळून एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या १२५ टक्के नुकसान.

हा प्रीमियम बोनसआधी १,५०० रुपये आहे आणि तेवढाच राहील असं धरलं, तर पाच वर्षांत १,८७५ रुपये परत गेले. म्हणजे ३,२०० च्या क्लेमचा खरा फायदा १,३२५ रुपयांचा. वरचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत. स्वतःच्या पॉलिसीतले आकडे टाकून हाच हिशेब दोन मिनिटांत करता येतो.

यात एक मेख आहे. घसारा बदललेल्या भागावर कापला जातो, मजुरीवर नाही. रंगकामाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के हिस्सा मटेरियल धरून फक्त त्यावर ५० टक्के कपात होते. म्हणजे १,६०० रुपयांच्या रंगकामात ४०० रुपये मटेरियल आणि कपात फक्त २०० रुपयांची. थोडक्यात, नियम बघितले तर ते दुरुस्तीच्या बाजूने आहेत.

मग सगळे नवंच घ्या असं का सांगतात?

कारण नवा भाग लावणं सोपं असतं. पार्ट नंबर टाकला, बॉक्स आला, चार स्क्रू, काम झालं. दुरुस्तीत एक माणूस एक-दोन दिवस गुंततो आणि ती पुन्हा तुटली तर भांडण ठरलेलं. तासावर चालणाऱ्या वर्कशॉपला ते परवडत नाही.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांनाही सरसकट १८ टक्के दर लागू झाला. २८ टक्के कराच्या काळात ४,००० रुपये मूळ किमतीचा भाग ५,१२० ला पडायचा, तो आता ४,७२० ला. गिऱ्हाईकासाठी ही चांगलीच बातमी. पण दुरुस्तीच्या सेवेवरचा कर आधीही १८ टक्के होता आणि आताही तेवढाच आहे. म्हणजे नवं घेणं स्वस्त झालं, दुरुस्ती होती तिथेच राहिली.

तुटलेल्या पॅनलचं पुढे काय होतं, तेही बघा. एबीएस पुन्हा वितळवता येतं, पण त्यावरचा रंग, लॅकर आणि स्टिकर मालात मिसळले की दर्जा पडतो. धारावीत प्लॅस्टिक हाताने निवडणाऱ्यांसाठी रंगवलेला तुकडा म्हणूनच कमी भावाचा.

जुन्या गाडीचे भागच मिळाले नाहीत तर?

२००३ सालच्या करिझ्माचं वय आता वीसच्या पुढे गेलं. २०२३ मध्ये करिझ्मा एक्सएमआर नावाने नवी गाडी आली, पण तिचं इंजिन वेगळं आणि अंगही वेगळं. तिचं फेअरिंग जुन्या गाडीला बसत नाही. अशा गाड्यांचे मालक मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खेटे घालतात, नाहीतर फायबरचा भाग बनवून घेतात.

गाडी टिकवणंही महाग होत चाललंय. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करायला बाईकसाठी १,००० रुपये शुल्क आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या बाईकसाठी ते २,००० रुपये केलं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. तिथे माहिती मिळते, पण जुना भाग बनवत राहायला कंपनीला कुणी भाग पाडत नाही. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे, हे सांगणाऱ्या निर्देशांकावर नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. तोही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सपुरता. बाईक त्यात नाही.

युरोपने इथे एक पाऊल पुढे टाकलंय. बॉडी पॅनलच्या आकारावर कंपनीचा डिझाइनचा हक्क असतो, त्यामुळे दुसऱ्याने तसाच भाग बनवला तर केस होऊ शकते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या डिझाइन निर्देशात यावर तोड काढली. वस्तूला मूळ रूप परत देण्यासाठी जो भाग तसाच दिसणं गरजेचं आहे, तो दुरुस्तीपुरता इतरांनाही बनवता येईल. सदस्य देशांना डिसेंबर २०२७ पर्यंत हे आपापल्या कायद्यात आणायचंय. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्यात अशी स्पष्ट तरतूद नाही. इथे नोंदणी झालेलं डिझाइन जास्तीत जास्त १५ वर्षं संरक्षित राहतं.

रंग बदलायचा असेल तर?

पॅनल मूळ रंगात रंगवलं तर कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याच खर्चात अख्खी गाडी लालची काळी करायचं मनात असेल तर थांबा. रंगाची नोंद आरसीवर असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती आणि गाडी जुळली पाहिजे. त्यामुळे आधी आरटीओत नोंद करायची. एमएच-०२ वाल्यांनी अंधेरी, एमएच-४७ वाल्यांनी बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंडच्या एमएच-०३ वाल्यांनी वडाळा गाठायचं. कायद्याबाहेरच्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तर मग करायचं काय?

एबीएसच्या पॅनलला तडा गेलाय, एखादं लॉक तुटलंय, पण तुकडे सगळे जागेवर आहेत? दुरुस्ती करा. तुटलेले तुकडे फेकू नका, जोडताना तेच कामी येतात.

पारदर्शक व्हायझरमध्ये जाळं पडलंय, हेडलाइट धरणारा मुख्य आधारच गेलाय किंवा पॅनल हँडलला घासतंय? नवा घ्या. तिथे काटकसर नको.

नवा भाग न रंगवलेला मिळतो का, हे विचारा. काही मॉडेलला मिळतो आणि मग शेजारच्या टाकीला जुळवून रंगवता येतो. रंगाचं काम शक्यतो दिवाळीच्या सुमारास, कोरड्या हवेत करा. तोपर्यंत तडा मागून जोडून घ्या, म्हणजे तो वाढणार नाही.

क्लेम करायचाच असेल तर पॅनल खोलण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. बिलात पार्ट, मजुरी आणि रंग वेगवेगळे लिहून घ्या, कारण कपात त्यावरच ठरते. बदललेला जुना भाग परत मागा. बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि पुढच्या वेळी गॅरेजवाला "प्लॅस्टिक आहे, काही होणार नाही" म्हणाला, तर पॅनल उलटं करून त्याच्यासमोर धरा आणि एकच प्रश्न विचारा. हे एबीएस आहे की पीपी? उत्तर देता आलं तर गाडी त्याच्याकडे ठेवायला हरकत नाही.